सहा क्रमांकाचा खेळाडू

फुटबॉलचा सामना संपला, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात गोल कोणी केला, कितव्या मिनिटाला केला आणि चेंडू कोणत्या बाजूने जाळ्यात शिरला, याचे साग्र वर्णन येते. जो गोल झालाच नाही त्याचे वर्णन येत नाही. तो कोणी होऊ दिला नाही, हेही फारसे कोणी विचारीत नाही. शाळेच्या मैदानावरही याच समजुतीचा प्रत्यय येतो. संघ वाटून घेताना चपळ मुले आघाडीवर धाव घेतात आणि ज्याला कोणी घेत नाही त्या मुलाला सांगतात, "तू मागे उभा राहा." मागे उभे राहणे ही जणू एक शिक्षाच! वास्तविक आट्यापाट्या खेळलेल्या कोणत्याही मुलाला ठाऊक असते, की पाटी धरून उभ्या राहणाऱ्या गड्याचे काम पळणाऱ्याच्या कामापेक्षा सोपे नसते. फुटबॉलच्या खेळात मागे उभे राहून ज्याने सगळ्या युरोपचा आदर मिळविला, त्या फ्रँको बारेसी नावाच्या खेळाडूची हकीकत या पाठात सांगावयाची आहे.

इटली देशाच्या उत्तर भागात लोंबार्दी नावाचा सुपीक प्रांत आहे. त्या प्रांतात ब्रेशा शहराजवळ त्रावाल्यातो नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे 8 मे 1960 रोजी फ्रँकोचा जन्म झाला. घर शेतकऱ्याचे. जुझेप्पे नावाचा भाऊ त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा होता, आणि दोघांनाही चेंडूचे वेड होते. घरावर मात्र लवकरच आघात झाले. फ्रँको तेरा वर्षांचा असताना आई गेली. सतरा वर्षांचा असताना वडीलही गेले. ज्या वयात घरी परतल्यावर कोणी तरी वाट पाहत असावे असे वाटते, त्या वयात ही भावंडे पोरकी झाली.

लोंबार्दीची राजधानी म्हणजे मिलान शहर. या एका शहरात फुटबॉलचे दोन नामांकित क्लब आहेत. एकाचे नाव मिलान, दुसऱ्याचे इंटर. दोघांचे सामने सान सीरो या एकाच मैदानावर होत. परंतु त्यांच्यातील चुरस अशी, की एकाच घरात दोन भाऊ दोन क्लबांचे अभिमानी असले, तर सामन्याच्या दिवशी जेवणाच्या पंगतीत शांतता राहत नाही. बारेसी बंधूंच्या बाबतीत ही गोष्ट अक्षरशः घडली. इंटरच्या परीक्षकांनी जुझेप्पेला पसंत केले. फ्रँको अंगाने बारीक व चणीने लहान, म्हणून त्याला परत पाठविले. मग 1974 साली, चौदाव्या वर्षी, तो मिलान क्लबच्या तरुण खेळाडूंत दाखल झाला. तेथे त्याला 'पिशिनीन' हे नाव मिळाले. मिलानच्या बोलीत त्याचा अर्थ 'लहानगा' असा होतो. पुढे तो मोठा झाला, कर्णधार झाला, तरीही हे नाव सुटले नाही. त्याची उंचीही बेताचीच राहिली, एक मीटर शहात्तर सेंटिमीटर. डोक्याने चेंडू मारण्यासाठी उडी घेणारे प्रतिपक्षाचे खेळाडू पुष्कळदा त्याच्याहून उंच असत.

23 एप्रिल 1978 रोजी व्हेरोना येथे मिलानच्या मुख्य संघातून तो प्रथमच खेळला. वय अठरा वर्षांनाही काही दिवस कमी. स्वीडनचे नील्स लीडहोल्म हे तेव्हा संघाचे मार्गदर्शक होते. या मुलाच्या शांतपणावर त्यांचा विश्वास बसला आणि पुढच्याच हंगामात त्यांनी त्याला बचावफळीत कायमची जागा दिली. 1979 साली मिलानने इटलीचे साखळी विजेतेपद दहाव्यांदा जिंकले. इटलीत दहा विजेतेपदे मिळविणाऱ्या क्लबाला सदऱ्यावर एक तारा लावण्याचा मान मिळतो. तो तारा मिळवून देणाऱ्या संघात हा एकोणीस वर्षांचा मुलगा होता.

येथवरची वाट चढाची होती. आता उतार लागला. 1980 साली इटलीच्या फुटबॉलमध्ये एक लांच्छनास्पद प्रकरण उघडकीस आले. पैजा लावून सामन्यांचे निकाल आधीच ठरविले जात होते, आणि त्यात मिलान क्लबमधील काही व्यक्तीही गुंतल्या होत्या. शिक्षा म्हणून मिलानला पहिल्या श्रेणीतून दुसऱ्या श्रेणीत ढकलण्यात आले. बारेसीचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नव्हता; पण शिक्षा क्लबला झाली की ती सर्वांना भोगावी लागते. एका वर्षात संघ वर चढला. लगेचच्या हंगामात बारेसीला रक्ताचा एक विकार जडला आणि सुमारे चार महिने तो मैदानाबाहेर राहिला. त्याच हंगामात, 1982 साली, मिलान पुन्हा खाली घसरला. या खेपेस कोणाच्या लबाडीमुळे नव्हे, तर हरत गेल्यामुळे.

व्यावसायिक खेळाडू क्लबशी करार करून वेतन घेत असतो. खेळ हेच त्याचे उपजीविकेचे साधन असते आणि ते तीस-पस्तीस वर्षांच्या वयापुढे फारसे चालत नाही. अशा माणसाने बुडत्या क्लबमधून निघून संपन्न क्लबकडे जावे, यात गैर काही नाही. असे जाणारे पुष्कळ असतात आणि त्यांना दोष देणे मला योग्य वाटत नाही. बारेसी मात्र गेला नाही. बाविसाव्या वर्षी त्याच्या दंडावर कर्णधाराची पट्टी बांधली गेली, ती दुसऱ्या श्रेणीत खेळणाऱ्या संघाचा कर्णधार म्हणून. लहान लहान शहरांच्या मैदानांवर जाऊन तो त्या श्रेणीचे सामने खेळला आणि 1983 साली संघाला वर घेऊन आला.

याच 1982 साली आणखी एक विचित्र गोष्ट घडली. स्पेनमध्ये झालेल्या विश्वचषक स्पर्धेसाठी इटलीच्या चमूत त्याची निवड झाली, आणि इटलीने तो विश्वचषक जिंकला. परंतु त्याच्या जागी गाएतानो शिरेआ हा थोर खेळाडू असल्यामुळे बारेसीला एकही मिनिट खेळावयास मिळाले नाही. स्वतःच्या क्लबचा संघ खाली घसरलेला, आणि गळ्यात न खेळता मिळालेले विश्वविजेत्याचे पदक! पुढे 1986 च्या विश्वचषकाच्या वेळी तर इटलीच्या चमूत बारेसी हे आडनाव होते, पण ते जुझेप्पेचे. फ्रँको घरीच राहिला.

आता त्याचे काम नेमके काय होते, ते नीट समजून घेतले पाहिजे. इटलीत बचावाची एक जुनी पद्धत होती. तिला तेथील भाषेत दाराच्या अडसराचे नाव दिलेले होते. प्रत्येक बचावपटूने प्रतिपक्षाचा एकेक खेळाडू वाटून घ्यावयाचा आणि सावलीसारखे त्याच्या मागे राहावयाचे. सर्वांच्या मागे एक खेळाडू मोकळा ठेवावयाचा. त्याला 'लिबेरो', म्हणजे 'मुक्त', असे म्हणत. पुढचा कोणी चुकला, तर ती चूक सावरणे हे लिबेरोचे काम. बारेसी हा लिबेरो होता. चेंडू कोठे आहे यापेक्षा तो थोड्या वेळाने कोठे असेल, याकडे लिबेरोला पाहावे लागते. नुसता वेगाने धावणारा येथे उपयोगी पडत नाही. बारेसी धावतही वेगाने असे; पण त्याचे खरे सामर्थ्य असे, की बहुधा त्याला फार धावावे लागतच नसे. चेंडू येण्यापूर्वीच तो तेथे पोहोचलेला असे. आणि चेंडू हिसकावून घेतल्यावर तो आंधळेपणाने दूर भिरकावून न देता, मान वर करून, स्वतःच चेंडू घेऊन पुढे निघे.

1987 साली आरीगो साक्की हे मिलानचे मार्गदर्शक झाले. हे गृहस्थ स्वतः कधीही व्यावसायिक खेळाडू नव्हते. वडिलांच्या पादत्राणांच्या धंद्यात ते विक्रीचे काम करीत असत. अशा माणसाने नामांकित खेळाडूंना खेळ शिकवावा, याचे पुष्कळांना हसू आले. साक्की यांनी तो जुना अडसर काढून टाकला. बचावपटूंनी माणसामागे धावावयाचे नाही; चौघांनी एका ओळीत उभे राहावयाचे, आणि ती ओळ पुढे न्यावयाची की मागे आणावयाची, हे चौघांनी एकाच क्षणी ठरवावयाचे. चौघे म्हणजे तास्सोत्ती, कोस्ताकुर्ता, माल्दीनी आणि बारेसी. ठरविणारा अर्थातच बारेसी.

ही ओळ पुढे का न्यावयाची? फुटबॉलमध्ये ऑफसाइड नावाचा एक नियम आहे. आघाडीच्या खेळाडूकडे चेंडू मारला जातो, त्या क्षणी तो प्रतिपक्षाच्या अर्ध्या मैदानात चेंडूच्या पुढे असेल, तर त्याच्या आणि गोलरेषेच्या मध्ये प्रतिपक्षाचे निदान दोन खेळाडू असावे लागतात. त्यांतला एक बहुधा गोलरक्षक असतो. दुसरा नसेल, तर पंच खेळ थांबवितात. 1990 पर्यंत दुसऱ्याच्या अगदी बरोबरीने उभा असणाराही ऑफसाइड ठरत असे. त्या वर्षी नियम बदलून बरोबरीने असणाऱ्यास मोकळीक देण्यात आली. आता कल्पना करा. प्रतिपक्षाचा एक खेळाडू चेंडू पुढे मारण्यासाठी पाय उचलतो आहे. त्याच क्षणी बचावफळीतील चौघे दोन पावले पुढे सरकतात. चेंडू सुटतो तेव्हा आघाडीचा वीर चौघांच्या पाठीमागे एकटाच सापडतो. शिटी वाजते, गोल टळतो, आणि अंगाला कोणी स्पर्शही केलेला नसतो!

ऐकावयास हे गमतीचे वाटते; पण यातील धोका लक्षात घ्या. पाऊल एका निमिषाने आधी पडले, तर पुढचा खेळाडू सावध होतो. एका निमिषाने उशिरा पडले, किंवा चौघांपैकी एक मागे राहिला, तर आघाडीचा खेळाडू मोकळा सुटतो आणि त्याच्यासमोर केवळ गोलरक्षक उरतो. चेंडू मारणाऱ्याच्या पायाकडे, त्याच्या खांद्याकडे, स्वतःच्या उजव्या-डाव्या सोबत्यांकडे आणि मागून पळू पाहणाऱ्याकडे, असे चहूकडे एकदम पाहून निर्णय घ्यावा लागे. बारेसी निघाला की तिघेही निघत. जाता जाता त्याचा एक हात वर जाई, रेषापंचाला जणू सांगावयास, की पाहा, हा मागे राहिला. हात वर केलेला, सदरा चड्डीबाहेर लोंबणारा सहा क्रमांकाचा खेळाडू, हे चित्र त्या काळच्या प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढे कायमचे राहिले आहे.

असा मेळ सरावावाचून जमत नाही. साक्की यांनी पुढे एक गोष्ट सांगितली आहे. सामूहिक शिस्तीचे महत्त्व आपल्या खेळाडूंना पटावे, म्हणून ते सरावात एका बाजूला फक्त गोलरक्षक व हे चार बचावपटू ठेवीत; दुसऱ्या बाजूला दहा जण. त्या दहांत गुलित, व्हान बास्टेन, रायकार्ड यांच्यासारखे हॉलंडचे जगप्रसिद्ध खेळाडू असत. दहांनी पंधरा मिनिटांत एक गोल करून दाखवावा, अशी अट. मात्र चेंडू हातचा गेला, की दहांनी पुन्हा आपल्या अर्ध्या मैदानात मागे जाऊन सुरुवात करावयाची. साक्की सांगतात, की दहांना कधीही गोल करता आला नाही.

या मेहनतीचे फळ आकड्यांत दिसते. 1987–88 च्या हंगामात मिलानने साखळीतील 30 सामन्यांत केवळ 14 गोल होऊ दिले आणि विजेतेपद पटकावले. 1989 साली बार्सिलोना येथे रुमानियाच्या स्तेआवा क्लबला 4–0 असे हरवून युरोपीय चषक जिंकला. 1990 साली व्हिएन्ना येथे पोर्तुगालच्या बेन्फिकाला 1–0 असे हरवून तो राखला. 1991–92 च्या हंगामात तर 34 सामन्यांत संघ एकदाही हरला नाही. युरोपातील सर्वोत्तम खेळाडूला त्या काळी दरवर्षी सोन्याचा चेंडू देण्यात येत असे. 1989 साली तो व्हान बास्टेनला मिळाला, आणि मतमोजणीत दुसरा आला तो बारेसी. गोल करणाऱ्यांच्या त्या यादीत एका बचावपटूने इतके वर येणे ही लहान गोष्ट नव्हती.

देशाच्या संघातही अखेर त्याची जागा पक्की झाली. 1990 साली विश्वचषक स्पर्धा इटलीतच भरली. पहिल्या पाच सामन्यांत इटलीवर एकही गोल झाला नाही. उपान्त्य फेरीत अर्जेंटिनाशी बरोबरी झाली आणि पेनल्टी किकवर निर्णय करण्याची वेळ आली. इटलीतर्फे पहिली किक बारेसीने मारली व गोल केला. पण पुढे दोघे सोबती चुकले आणि इटली हरली. तिसऱ्या क्रमांकाचे कांस्यपदक तेवढे मिळाले.

नंतर 1994 साल उजाडले. विश्वचषक अमेरिकेत होता, साक्की आता राष्ट्रीय संघाचे मार्गदर्शक होते आणि चौतीस वर्षांचा बारेसी कर्णधार होता. 23 जून रोजी नॉर्वेविरुद्धच्या सामन्यात त्याच्या गुडघ्यातील कूर्चा दुखावली. शस्त्रक्रिया करावी लागली. अशा दुखण्यातून त्या वयाच्या खेळाडूला उठावयास बराच अवधी लागतो. त्याची स्पर्धा संपली, असेच सर्वांना वाटले. इटलीचा संघ मात्र अडखळत, सावरत अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. तेथे नवीच अडचण उभी राहिली. बचावफळीतील कोस्ताकुर्तावर खेळण्यास बंदी आली होती. समोर होता ब्राझीलचा संघ, त्यात रोमारिओ आणि बेबेतो ही त्या वेळची सर्वांत भीतिदायक जोडी.

17 जुलै रोजी, म्हणजे गुडघा दुखावल्यापासून अवघ्या चोविसाव्या दिवशी, बारेसी मैदानात उतरला. कॅलिफोर्नियातील पासाडेना येथील मैदान, दुपारचे साडेबारा, डोक्यावर उन्हाळ्याचे कडक ऊन, सभोवार 94,000 प्रेक्षक. नव्वद मिनिटे झाली, गोल झाला नाही. तीस मिनिटे वाढवून देण्यात आली, तरीही झाला नाही. रोमारिओने त्या स्पर्धेत पाच गोल केले होते. या सामन्यात त्याला एकही करता आला नाही. बारेसीने आडवे होऊन चेंडू काढले, वाटेतच अडविले, जखडलेल्या पायांनी पुन्हा उठून पुन्हा अडविले. शेवटी पायांत गोळे येऊन त्याला उभे राहणे कठीण झाले होते. बचावाचा इतका पूर्ण सामना क्वचितच कोणी खेळला असेल, असे जाणकार आजही म्हणतात.

विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचा निर्णय पेनल्टी किकवर होण्याची ही इतिहासातील पहिलीच वेळ होती. पहिली किक इटलीची, आणि ती मारण्यास कर्णधार पुढे झाला. दोन तास उन्हात राबलेले ते पाय. त्याने चेंडू मारला आणि तो आडव्या दांडीवरून वर निघून गेला. बारेसीने तोंड हातांनी झाकले. लगेच पुढच्याच किकवर इटलीचा गोलरक्षक पाल्युका याने ब्राझीलचा चेंडू अडविला, म्हणजे कर्णधाराच्या चुकीची भरपाई तेथल्या तेथे झाली होती. पण पुढे मास्सारोची किक अडविली गेली आणि अखेरची किक रोबेर्तो बाज्जोने उंच मारली. ब्राझील 3–2 असे जिंकले. बाज्जोची ती चुकलेली किक जगाच्या लक्षात राहिली. बारेसी मात्र सामना संपल्यावर ढसढसा रडला. आईवडील लवकर गमावलेला, दोनदा खाली घसरलेल्या संघाला सावरणारा, मितभाषी म्हणून प्रसिद्ध असलेला हा माणूस, आणि त्याचे अश्रू लाखो लोकांनी पाहिले. त्याचे सांत्वन करताना साक्की यांच्यापाशीही बोलण्यासारखे फारसे काही नसावे.

विश्वचषकाचे सुवर्ण, कांस्य आणि रौप्य अशी तिन्ही पदके त्याच्याजवळ जमा झाली. त्यांत सुवर्णपदक न खेळता मिळालेले, आणि ज्यासाठी सर्वांत अधिक खेळला ते रौप्य. त्याच वर्षी सप्टेंबरात त्याने राष्ट्रीय संघातून निवृत्ती घेतली. 81 आंतरराष्ट्रीय सामने आणि त्यांत एक गोल, एवढाच त्याचा हिशेब नोंदला गेला. थांबविलेल्या गोलांचा रकाना कोणत्याच वहीत नसतो.

क्लबसाठी तो आणखी तीन वर्षे खेळला. या क्लबमध्ये आपल्यावाचून अडते, असे मात्र नव्हते, हेही सांगितले पाहिजे. 1994 च्या मे महिन्यात अथेन्स येथे मिलानने बार्सिलोनाला 4–0 असे हरवून युरोपीय चषक जिंकला, तेव्हा बारेसीवर त्या सामन्यापुरती बंदी होती आणि तो खेळलाच नव्हता. त्याच्या जागी मधोमध उभा होता पाओलो माल्दीनी. 1985 साली सोळा वर्षांचा असताना तो संघात आला होता, आणि चौघांच्या त्या ओळीत बारेसीच्या शेजारी उभा राहूनच केव्हा पुढे जावे व केव्हा थांबावे, हे शिकला होता.

1997 साली, सदतिसाव्या वर्षी, बारेसी थांबला. वीस हंगाम, 719 सामने, सहा साखळी विजेतेपदे, आणि इतक्या वर्षांत क्लब एकच. तो शेवटचा हंगाम काही गौरवाचा नव्हता. मिलान अकराव्या क्रमांकावर राहिला होता. कर्णधाराची पट्टी माल्दीनीच्या दंडावर गेली. क्लबने मात्र ठरविले, की सहा क्रमांकाचा सदरा यापुढे कोणत्याही खेळाडूला द्यावयाचा नाही. आजही मिलानचा संघ मैदानात उतरतो, तेव्हा खेळाडूंच्या पाठीवरील आकड्यांत सहाचा आकडा नसतो.